डोंगरपावाचा साचा आणि हेमलॉकचा हापसा

मित्रांनो, मी जुना आहे, काळा आहे आणि जड आहे, आणि या तिन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे. दोन लोखंडी वाट्या तोंडाला तोंड लावून बिजागरीने जोडल्या, प्रत्येकीला हातभर लांब दांडा दिला आणि दांड्यांच्या टोकांना लाकडी मुठी बसवल्या की जे होतं, ते मी. तुमच्या घरी गॅसवर सँडविच भाजायचा चिमटा असेल ना, त्याचा मी थोरला चुलता. फरक एवढाच, की तो निळ्या ज्योतीवर नखरे करतो आणि मी थेट शेकोटीत शिरतो.

माझ्यात लोणी लावलेले दोन पाव ठेवायचे. मध्ये चेरीचा घट्ट पाक भरायचा, नाहीतर आंबवलेला कोबी आणि सॉसेजचे तुकडे. मला मिटायचं आणि निखाऱ्यांत धरायचं. कडा दाबल्या जातात, बाहेर आलेले कोपरे गळून पडतात आणि पावाची खमंग करंजी होते. पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगरांत तिला डोंगरपाव म्हणतात. मिशिगनकडची माणसं तिला दुसरंच काहीतरी म्हणतात, पण त्यांचं राहू द्या.

माझा जन्म कारखान्यातला. नदीकाठच्या आमच्या गावात पोलादाचा अवाढव्य कारखाना होता आणि त्याच्या फाउंड्रीत एमिल कुझमा नावाचा तरुण कामाला होता. व्हेरा नावाच्या मुलीशी त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं. तिला सोन्याची साखळी द्यावी अशी त्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने लोखंडाचं काहीतरी द्यायचं ठरवलं. त्याने लाकडी नमुना कोरला, वाळूत ठसा उठवला आणि मोठ्या ओतकामातून उरलेलं चमचाभर लोखंड त्यात ओतलं. चमचाभर म्हणजे त्यांच्या चमच्याने, बरं का. तो चमचा उचलायला दोन माणसं लागत.

कारखान्याच्या वेळात, कारखान्याच्याच उरलेल्या मालातून, घरासाठी गुपचूप केलेल्या अशा वस्तूला तिथले कामगार 'सरकारी काम' म्हणायचे. सरकारचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसायचा. फोरमनने विचारलं, "काय चाललंय रे?" तर सांगायचं, "सरकारी काम." मग फोरमनही मिशीत हसून पुढे जायचा, कारण त्याचंही एखादं कुठेतरी चालूच असायचं. तुमच्याकडे म्हणे सरकारी काम आणि सहा महिने थांब. मी मात्र एका जेवणाच्या सुट्टीत ओतून तयार झालो.

वाटीच्या तळाशी एमिलने मोठ्या हौसेने आपल्या आडनावाचं इंग्रजी 'के' हे अक्षर घातलं होतं. लोखंडावर ते झकास सुलटं दिसत होतं. पण पहिला डोंगरपाव भाजून बाहेर आला, तेव्हा त्यावर ते चक्क उलटं उमटलेलं. रोज वाळूत ठसे उठवणारा माणूस, आणि नेमका स्वतःच्या नावापाशी घसरला! एमिलचे कान लाल झाले. व्हेरा म्हणाली, "असू दे की. उलट्या 'के'चा पाव कुणी आपला म्हणून पळवणार तरी नाही." तिने तो पाव कडेपर्यंत खाल्ला आणि लग्न ठरल्याप्रमाणे झालं.

माझ्या भरभराटीची वर्षं हेमलॉक रनला गेली. हेमलॉक रन म्हणजे आमच्या गावापासून दोन डोंगर पलीकडचं राज्य सरकारचं उद्यान. हेमलॉकची जुनी उंच झाडं, मधे तळं, तळ्याकाठी तंबू ठोकायच्या जागा, प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल आणि शेकोटीचं लोखंडी कडं. फाटकावर तिकीट नाही आणि तंबूच्या जागेचं भाडं नावापुरतं. दर जुलैत कुझमा कुटुंब जुन्या गाडीच्या टपावर तंबू बांधून तिथे यायचं. त्यांना एकच मुलगी झाली, लोरेन. ती चालायला शिकली तीही त्या टेबलाला धरून.

व्हेराची बहीण फिलिस दर वर्षी फोनवर टोमणा मारायची. तिचा नवरा विम्याचा एजंट होता आणि ते समुद्रकाठच्या हॉटेलात उतरायचे.

"यंदाही तंबूतच का गं? सुट्टी आहे की शिक्षा?"

"आमच्या खोलीतनं तळं दिसतं," व्हेरा म्हणायची. "तुमच्या हॉटेलातनं काय दिसतं?"

"समोरचं हॉटेल," फिलिसला कबूल करावं लागायचं.

संध्याकाळ झाली की मी निखाऱ्यांत शिरायचो आणि माझा वास झाडाझाडांतून फिरायचा. आमच्याकडे दुसऱ्याच्या तंबूच्या जागेतून न विचारता जाणं म्हणजे कुणाच्या घरात जोड्यांसकट घुसण्यासारखं आहे. पण माझा वास आला की शेजारीपाजारी हद्दीवर येऊन उभे राहायचे, उगाच हवापाण्याबद्दल बोलायचे आणि माझ्याकडे बघायचे. व्हेरा म्हणायची, "या, चेरीचा की कोबीचा?" मी किती जणांच्या जिभा भाजल्या असतील, त्याला गणती नाही. पण पुन्हा न मागता परत गेलेला माणूस काही मला आठवत नाही.

मग तो उन्हाळा आला. वसंतात कारखान्याची फाटकं बंद झाली. आधी वाटलं महिनाभरासाठी, मग कळलं कायमची. एमिल रोज सकाळी दाढी करायचा, कारखान्याचे ते उंच, जाड चामड्याचे बूट चढवायचा आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहायचा. परसातल्या फाटकाची कडी निखळली, ती त्याने लावली नाही. व्हेराने मला तेल लावून त्याच्यापुढे ठेवलं, तर त्याने मला बाजूला सारलं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. ज्या हातांनी मला घडवलं, ते हात मांडीवर पडून होते.

त्याच सुमाराला एमिलचा चुलतभाऊ टेक्सासला निघाला. तिकडे बांधकामांवर माणसं हवी होती. गाडीत एक जागा रिकामी होती आणि एमिलने ती धरली. हेमलॉकची सुट्टी संपली की सोमवारी निघायचं. व्हेरा आणि लोरेन मागे राहणार होत्या, कारण घर विकायला काढलं तरी घेणार कोण? आख्खी गल्लीच विकायला निघालेली. आमच्या गल्लीतून आधी गेलेल्या बापांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा, मग महिन्याने, मग नाताळला. एका घरी तर नाताळलाही आला नाही.

लोरेनला यातलं काही माहीत नव्हतं. ती अकरा वर्षांची होती आणि नेहमीसारखी गाडीतून सर्वांत आधी उडी मारून तळ्याकडे पळाली. व्हेराने टेबलावर मला तेल चोळता चोळता विषय काढला.

"तिला सांगणार कधी?"

"शेवटच्या दिवशी सांगू. निदान सुट्टी तरी धड होऊ दे तिची."

"आणि मला रे? माझी सुट्टी धड होतेय का?" व्हेरा म्हणाली. तिने मला इतक्या जोरात चोळलं, की मी उन्हात आरशासारखा चमकलो.

त्या वर्षी उद्यानात गर्दी होती. समुद्रावर जाणारी सगळी गिऱ्हाइकं यंदा तंबू उसने घेऊन इथे आली होती. फाउंड्रीतली ओळखीची तोंडं तळ्याकाठी भेटायची आणि एकमेकांना बघून आधी चपापायची. आमच्या शेजारच्याच जागेत स्टॅश वोयचिक उतरला होता. एमिलबरोबर बारा महिने भट्टीपाशी घाम गाळलेला, सडाफटिंग, तोंडाने फटकळ.

"घरभाडं परवडेना, म्हणून सरळ बंगला घेतला," आपल्या फाटक्या तंबूकडे बोट दाखवून तो म्हणाला. एमिल हसला नाही.

आमच्या बाजूचा हापसा बिघडला होता. त्याच्या दांड्याला 'बंद' अशी पाटी लटकत होती आणि बायका-माणसं पार तळ्याच्या दुसऱ्या टोकाहून बादल्या वाहत होती. उद्यानाचा रेंजर वॉल्ट हा उंच, सरळ मनाचा माणूस. त्याने हिवाळ्यातच वरच्या कचेरीला कळवलं होतं, की हापशासाठी सरकारी माणूस पाठवा. माणूस काही येत नव्हता आणि वॉल्ट रोज सगळ्यांची माफी मागत फिरत होता.

एके दिवशी दुपारी स्टॅश आमच्या हद्दीवर येऊन उभा राहिला. एमिलने "ये" म्हटल्यावर आत आला आणि टेबलावरून मला उचलून उलटंपालटं करून बघू लागला.

"काय ओतलंय रे! कुठं घेतलास?"

कितीतरी दिवसांनी एमिलच्या ओठाचा एक कोपरा हलला. "घेतला कुठला? सरकारी काम आहे."

नेमका त्याच वेळी मागच्या वाटेने वॉल्ट चालला होता. तो जागीच थांबला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की पाहुणा आलेल्या घरच्या माणसालाही तेवढा होत नाही.

"सरकारी काम म्हणालात ना? म्हणजे तुम्हीच ते!"

एमिलचा चेहरा उतरला. समोर गणवेशातला माणूस, आणि स्टॅशच्या हातात कारखान्याच्या लोखंडाची वस्तू. त्याने मला हळूच स्टॅशकडून घेऊन पाठीमागे लपवलं.

"साहेब, उरलेलं लोखंड होतं हो. तेव्हा सगळेच करायचे."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला फक्त सांगा, काम होणार कधी?"

"झालं की! लग्नाच्या आधीच झालं."

"कुणाच्या लग्नाच्या?" वॉल्ट गोंधळला. "अहो, मी हिवाळ्यापासनं वाट बघतोय. सहा महिने होतील आता!"

"कशाची?"

"तुमची!"

स्टॅशला सगळा घोळ केव्हाच कळला होता. पण तो बोलला असता तर तो स्टॅश कसला? तो तोंडावर टोपी धरून खोकल्यासारखं करत होता. वॉल्टने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "हत्यारांची शेड त्या झाडामागे. लागेल ते घ्या. देवासारखे आलात!" असं म्हणून तो शीळ वाजवत निघूनही गेला.

"मी जाऊन सांगतो त्याला," एमिल म्हणाला.

"काय सांगणार?" व्हेरा दोन्ही हातांत बादल्या घेऊन वाटेने येत होती. तिने शेवटचं सगळं ऐकलं होतं. बादल्या तिने धाडकन खाली ठेवल्या. "पाणी मी वाहतेय, तू नाही. सांगायचं ते नंतर सांग. आधी हापसा बघ."

"मी हापसेवाला आहे का?"

"आत्ता या घडीला तू कोण आहेस ते सांग मला!" व्हेरा म्हणाली. लगेच तिने ओठ चावला, पण शब्द सुटून गेला होता. एमिलने किल्लीकडे पाहिलं. मग ती उचलली.

त्याने आणि स्टॅशने मिळून हापसा उघडला. सळई वर ओढली तर तिच्या टोकाला दट्ट्या होता, आणि दट्ट्यावरचा वाटीच्या आकाराचा चामड्याचा वायसर कुजून चिंध्या झालेला. बाकी सगळं ठीक होतं. शेडमध्ये पाने होते, हातोड्या होत्या, खिळे होते, नव्हता तो फक्त वायसर. वॉल्ट खालच्या गावाला गेला होता आणि तिथलं दुकानही त्या दुपारी बंद होतं. एमिल थोडा वेळ विचार करत उभा राहिला. मग तंबूत गेला आणि आपले बूट घेऊन आला.

कारखान्याचे तेच बूट, आता टेक्सासला घालायचे. त्याने मोठ्या काळजीने एका बुटाची जीभ तेवढी कापली, म्हणजे बूट वापरण्याजोगा राहील. त्या चामड्याची चकती भिजवून माझ्या वाटीत ठेवली आणि वरून काकडीच्या लोणच्याची बरणी दाबून मला उन्हात ठेवून दिलं. बूट! आणि माझ्या वाटीत! आधी मला घाण वाटली, खोटं कशाला सांगू? पण मग लक्षात आलं, की एमिल माझ्यावर वाकून बघतोय. फाउंड्रीत वाळूवर वाकून बघायचा, अगदी तसाच. मग मी ते चामडं घट्ट धरून ठेवलं.

चामड्याची छान वाटी झाली. बेकनची चरबी चोळून त्यांनी ती दट्ट्यावर चढवली, सळई खाली सोडली आणि एमिलने हापसायला सुरुवात केली. घरघर झाली, पाणी वर आलं, आणि तोटीतून न पडता वरच्या फटीतून उडून एमिलच्या तोंडावर बसलं. जीभ फारच पातळ होती. पहिल्याच दाबाला ती दुमडली होती.

"आंघोळीचं काम झालं," स्टॅश म्हणाला. "आता पिण्याचं बघ."

एमिलने तोंड पुसलं. बुटाच्या उंच भागाचं चामडं जाड होतं, हे दोघांनाही दिसत होतं. पण ते कापलं की बूट संपला. एमिलने तो मांडीवर घेतला, सुरी टेकवली आणि तसाच थांबला.

"बघ बाबा," स्टॅश म्हणाला. "हे कापलंस तर टेक्सासला काय घालून जाशील?"

"टेक्सासला कोण चाललंय?"

लोरेन होती. ओले केस, खांद्यावर टॉवेल, हातात चेरीचा डबा. ती केव्हा येऊन उभी राहिली, कुणालाच कळलं नव्हतं. स्टॅशने स्वतःच्या जिभेला शिवी घातली. व्हेरा टेबलावरून उठली, पण पुढे आली नाही.

"मी," एमिल म्हणाला.

"आम्ही नाही?"

"नाही. मी आधी जाईन. मग बघू."

"कधी?"

"सोमवारी."

लोरेनने डबा खाली ठेवला. तिच्या वर्गातल्या दोघींचे वडील टेक्सासला गेले होते, तिला 'मग बघू'चा अर्थ बरोबर ठाऊक होता. ती रडली नाही. तंबूपाशी गेली, दुसरा बूट उचलून आणला आणि बापाच्या मांडीवर ठेवला.

"मग दोन्ही काप, बाबा," ती म्हणाली.

मी माझ्या आयुष्यात खूप आग पाहिली आहे, पण एमिलच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते बघणं मला त्या आगीपेक्षा जड गेलं. त्याने मुलीकडे पाहिलं, व्हेराकडे पाहिलं आणि सुरी दाबली. चामडं फार कडक होतं, पण कापलं गेलं. पहिला बूट झाल्यावर त्याने दुसराही कापला. दुसऱ्याची खरं म्हणजे गरज नव्हती. एका बुटात तीन वायसर झाले असते.

जाड चकती रात्रभर माझ्या वाटीत दबून राहिली. त्या संध्याकाळी डोंगरपाव झाले नाहीत, सगळ्यांनी थंड सॉसेज खाल्लं. सकाळी चामड्याची टणक वाटी निघाली आणि तिच्या बुडावर उलटा 'के' लख्ख उमटलेला होता. ती दट्ट्यावर चढवून एमिलने हापसायला घेतलं. पहिले काही हिसके कोरडेच गेले. लोरेन तोटीखाली हात धरून उभी होती. मग आतून गुळगुळ आवाज आला आणि तिच्या हातावर बर्फासारखं गार पाणी धो धो पडलं. ती किंचाळली. बादल्या घेतलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. स्टॅशने 'बंद'ची पाटी काढून आपल्या तंबूवर लटकवली.

आवाज ऐकून वॉल्ट धावत आला आणि त्याने एमिलचा हात दोन्ही हातांनी हलवला. "वा! कुठल्या कचेरीचे तुम्ही? मी तुमच्या साहेबांना फोन करून सांगतो."

"मला साहेब नाही," एमिल म्हणाला. "कारखाना बंद झालाय माझा." आणि मग त्याने 'सरकारी काम' म्हणजे काय, ते सगळं सांगितलं. मी पुरावा म्हणून टेबलावर होतोच. वॉल्ट आधी थक्क झाला, मग हसू लागला. हसता हसता बाकावर बसला, आणि त्याच्याबरोबर एमिलही हसला. आधी ओठाचा कोपरा, मग खांदे, मग पोट. व्हेरा पाठ फिरवून उगाचच टेबल पुसत होती, पण तिचे डोळे भरलेले मला खालून स्पष्ट दिसत होते.

हसू ओसरल्यावर वॉल्ट म्हणाला, "माझ्याकडे एक जागा आहे. टेबलं, हापसे, छपरं, पडलेली झाडं, सगळं बघायचं. बर्फ पडेपर्यंत. पुढच्या वर्षी पुन्हा. कामगारांची खोली आहे राहायला. पण पगार कारखान्याच्या पासंगालाही पुरणार नाही, आधीच सांगतो."

"टेक्सासला पुष्कळ मिळतील," एमिल व्हेराला म्हणाला.

"मिळतील," व्हेरा म्हणाली. "आणि त्यांतले किती टेलिफोनवर जातील?"

"हिवाळ्यात काय करू?"

"फाटकाची कडी लाव. मग पुढचं सुचेल."

स्टॅशने घसा साफ केला. "त्या गाडीतली ती जागा मला दे, एमिल. मला कुणी विचारणारं नाही, आणि आपल्या दोघांत धड बूट आता माझेच आहेत." तो हे हसत म्हणाला, पण म्हणून झाल्यावर बराच वेळ तळ्याकडे बघत होता. सोमवारी तोच गेला. मला सांगायला आनंद वाटतो, की त्याचा फोन दर नाताळला आला, न चुकता, आणि प्रत्येक वेळी त्याने आधी हापशाची चौकशी केली.

रविवारी तंबू मोडला. उरलेली लाकडं पुढच्या माणसांसाठी शेकोटीपाशी रचून ठेवली, तशी आमच्याकडे पद्धतच आहे. गाडी भरली, व्हेरा चाक धरून बसली, लोरेन मागे. एमिल कामावर तिथेच राहणार होता. व्हेराने मला फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं होतं. एमिलने खिडकीतून हात घालून मला बाहेर काढलं.

"हा इथं राहू दे. नाहीतर मी खाऊ काय?"

एमिलच्या पायांत वॉल्टने दिलेले जुने रबरी बूट होते, एक काळा आणि एक हिरवा. गाडी सुरू झाली. लोरेनने काच खाली केली. गेले दोन दिवस ती बापाशी फारसं बोलली नव्हती.

"शुक्रवारी येताना पाव आणू?" तिने विचारलं.

"दोन आण!" एमिल ओरडला. "आणि चेरी!"

त्या शुक्रवारी त्या आल्या, पुढच्याही आल्या, बर्फ पडेपर्यंत आल्या. केस पांढरे होईपर्यंत एमिलने हेमलॉकमध्ये काम केलं. शाळेत लोरेनला कुणी विचारलं, "तुझे बाबा काय करतात?" तर ती म्हणायची, "आमच्या बाबांकडे एक तळं आहे आणि एक जंगल आहे. तुम्ही या कधीही, फाटकावर तिकीट नाही." फिलिसमावशीसुद्धा एका वर्षी आली. नाक मुरडत तंबूत शिरली आणि जाताना मला मागत होती. व्हेराने दिलं नाही.

माझेही वाईट दिवस आले, मित्रांनो. एमिल आणि व्हेरा गेल्यावर मी कितीतरी वर्षं लोरेनच्या तळघरात एका खोक्यात होतो. कुणीतरी मला साबणाने घासून ओलाच ठेवलं. माझ्यासारख्याला साबण लावणं म्हणजे अंगावरचं कातडं सोलणं. मला गंज चढला, बिजागरी धरली. लोरेनला मी एके दिवशी सापडलो, तेव्हा तिने मला जाड मिठाने घासलं, तेल लावलं, आचेवर तापवलं, पुन्हा तेल लावलं, आणि ते होईपर्यंत ती जेवायला उठली नाही. आता दर जुलैत तिची नातवंडं मला निखाऱ्यांत धरतात. पाव जाळतात, भांडतात, उलट्या 'के'चं कारण विचारतात. मी पुन्हा पूर्वीसारखा काळा कुळकुळीत झालो आहे.

मला जपायचं असेल तर पाण्यात ठेवू नका, तेलाचा हात फिरवा आणि वर्षातून एकदा तरी आगीत घाला. लोखंड वापराने झिजत नाही, पडून राहिल्याने मरतं. माणसाचंही मी तसंच पाहिलं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणाचं काम गेलं असेल, कुणी दाढी करून, बूट घालून नुसतं खुर्चीवर बसून असेल, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्यापुढे मोडकं काहीतरी ठेवा, आणि थोडं लांब जाऊन बसा.